एन्जिनएक्स की एचएप्रॉक्सी: पुढे कोणाला बसवायचं?

एकाचे तीन ॲप सर्व्हर झाले की पुढे लोड बॅलन्सर (येणाऱ्या रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटून देणारा) कुठला लावू, असं हमखास विचारलं जातं. पैसे न मोजता मिळणाऱ्यांत गाडी बहुतेक वेळा या दोघांवर येऊन थांबते. मी दोन्ही चालवलेत. आधी तीनेक वर्षं एन्जिनएक्स, सध्या एचएप्रॉक्सी.

रिक्वेस्ट वाटायचं काम दोघंही चोख करतात. वेगाच्या वादात आपल्या आकाराच्या लोकांनी पडूच नये, आमचा प्रोसेसर दोन्हीकडे पेंगतच असायचा. एन्जिनएक्सच्या आयपी-हॅशपासून, म्हणजे ग्राहकाच्या पत्त्यावरून सर्व्हर ठरवण्याच्या पद्धतीपासून, मात्र जरा जपून. आयपीव्ही४ पत्त्याचे चारपैकी पहिले तीनच आकडे तो बघतो, त्यामुळे शेजारशेजारचे पत्ते असलेलं अख्खं ऑफिस एकाच सर्व्हरच्या बोकांडी बसतं.

माझं मन फिरलं ते एका सर्व्हरच्या आजारपणात. शुक्रवारी दुपारी आमचा दोन नंबरचा ॲप सर्व्हर लटकला. मेला असता तर बरं झालं असतं. पोर्ट उघडा, जोडणी होतेय, पण उत्तर नाही. एन्जिनएक्सची उत्तराची वाट पाहायची मुदत न बदलता ठेवली तर ६० सेकंद असते, आणि आम्ही ती कधी बदललेली नव्हती. म्हणजे पहिला मिनिटभर दर तिसरी रिक्वेस्ट त्याच खड्ड्यात. मग तो सर्व्हर १० सेकंदांसाठी बाजूला काढला जातो, आणि ते संपले की बरा झालाय का हे बघायला एन्जिनएक्स खऱ्या ग्राहकाचीच रिक्वेस्ट पाठवतो. विहीर किती खोल आहे हे बघायला पाहुण्यालाच आत उतरवायचं! त्यात भर म्हणजे, सामायिक मेमरीचा झोन दिला नसेल तर प्रत्येक वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी एन्जिनएक्सची प्रोसेस) हा हिशोब स्वतंत्र ठेवतो. आमचे वर्कर चार, म्हणजे बळीही चार. नुसतं पान उघडणारा निदान मिनिटभराने दुसऱ्या सर्व्हरवर जायचा. फॉर्म भरून पाठवणाऱ्याची रिक्वेस्ट पुन्हा पाठवली जात नाही, त्याच्या हातात थेट ५०४, म्हणजे 'वेळेत उत्तर आलं नाही' ही एरर.

मुदत ५ सेकंदांवर आणा, असं कुणी म्हणेल. आणली. मग ४० सेकंद घेणारा महिनाअखेरचा रिपोर्ट तुटायला लागला, आणि प्रत्येक लोकेशनला (साइटवरच्या पत्त्याला) वेगळी मुदत लिहीत बसलो. सर्व्हरची स्वतःहून तब्येत विचारण्याची सोय एन्जिनएक्सच्या पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीत आहे.

एचएप्रॉक्सीत ती फुकट आहे. दर २ सेकंदांनी तो स्वतःच विचारतो. सलग तीनदा नकार आला की सर्व्हर रांगेबाहेर, सलग दोनदा होकार आला की परत आत. ग्राहकाला मध्ये घालत नाही. पण नुसतं 'चेक' लिहून थांबू नका. तेवढ्यावर तो फक्त पोर्टला टकटक करतो, आणि आमचा लटकलेला सर्व्हर त्या परीक्षेत खुशाल पास झाला असता. सर्व्हरकडून एक ठरावीक पान मागून बघणारा एचटीटीपी चेक लावा, आणि त्या पानाला डेटाबेसपर्यंत जाऊन यायला सांगा. आमचं पहिलं हेल्थ पान नुसतं 'ओके' छापायचं. ती चूक माझी.

शिवाय त्याचं स्टॅट्सचं पान. दिसायला जुनाट आहे, पण हिरव्या ओळींत एक लाल झाली की ती का झाली, ते शेवटच्या चेकच्या रकान्यात लिहिलेलं असतं. मला तेवढ्यासाठी लॉग चाळावे लागत नाहीत.

जाच इथेही आहे. सर्टिफिकेट आणि त्याची किल्ली मी एका फाइलीत जोडून देतो, त्यामुळे दर नूतनीकरणाला एक छोटी स्क्रिप्ट चालवावी लागते. ती एकदा विसरलो होतो, असो. चित्रं, सीएसएस वाढायचं काम त्याचं नव्हेच. त्यासाठी मागे प्रत्येक सर्व्हरवर एन्जिनएक्स ठेवलाच आहे, आणि तिथे त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

दोनच सर्व्हर असतील, एन्जिनएक्स आधीपासून हाताशी असेल आणि घटकाभर खोळंबा चालत असेल, तर कदाचित बदलायची गरज नाही. पण पैशांचे व्यवहार चालत असतील तर मी तरी पुढे एचएप्रॉक्सीच ठेवीन. परवा भर दुपारी चारला एक सर्व्हर ड्रेनवर टाकला, नवे लोक दुसरीकडे वळले, आतल्यांचं काम उरकलं, आणि मी अपडेट करून घेतलं. पूर्वी याच कामासाठी मी रात्री बाराचा गजर लावायचो.