बेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकवणारा वर्ग आणि राजाराम तलावातले ७५० मीटर

गावी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझे भाऊ, चुलतभाऊ सगळे पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. ते मुटके मारायचे आणि मी पायऱ्यांवर त्यांचे कपडे सांभाळत बसायचे. बेचाळिसाव्या वर्षी ट्रायथलॉनचा अर्ज भरला, तेव्हा सायकल आणि धावणं अंगवळणी पडलं होतं, पण कंबरेच्या वर पाण्यात मी कधी गेलेच नव्हते. ट्रायथलॉनच्या स्प्रिंट म्हणजे छोट्या प्रकारात एकापाठोपाठ ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं असतं. पोहणं पहिलं, म्हणजे तिथं अडलं की पुढची सगळी तयारी वाया. या वयाच्या बाईनं पोहण्याच्या वर्गाबद्दल लिहिलेलं मला शोधूनही मिळालं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

वर्ग कोल्हापुरातच आहे. २५ मीटरचा तलाव, सकाळी ६ ते ७ फक्त महिलांची बॅच, आठवड्यातून पाच दिवस. तीन महिन्यांचे मी ६,००० रुपये भरले. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी आठ दिवस गेले होते. तिथं दुसऱ्याच दिवशी खोल पाण्यात ढकललं, म्हणे हातपाय आपोआप हलतात. हातपाय हलले खरे, पण नंतर महिनाभर तोंडावर पाणी मारतानासुद्धा छाती धडधडायची. तशी भीती घेऊन येणाऱ्या बायका या बॅचमध्ये मला बऱ्याच भेटल्या.

इथल्या मॅडमनी पहिला आठवडाभर हात मारूच दिले नाहीत. कठड्याची दांडी धरायची, तोंड पाण्यात घालायचं आणि नाकातून श्वास सोडत राहायचा. मी गाल फुगवून श्वास धरून ठेवायचे. मॅडम शेजारी पाण्यात उभ्या राहून म्हणायच्या, "वहिनी, कोंडून ठेवू नका. सोडला तरच नवा घ्यायला जागा होणार हाय." तरी जमेना, तेव्हा त्यांनी पाण्याखाली ‘म्’ म्हणायला लावलं. मी म्हणून बघितलं. कानात घुमल्यासारखा आवाज झाला, नाकातून बारीक बुडबुडे गालावरून वर गेले आणि आपण पाण्यात आहोत हेच काही क्षण विसरायला झालं. गणपतीच्या दिवसांत तर अख्खी बॅच दांडी धरून पाण्याखाली आरतीची चाल गुणगुणत होती. यामागचं कारणही त्यांनी नीट सांगितलं. श्वास धरला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि जीव घाबरा होतो तो त्यानं. बऱ्याचदा ऑक्सिजन अजून पुरेसा असतो. एवढं कळल्यावर माझी निम्मी भीती गेली.

दुसरी गोष्ट डोक्याची. श्वासासाठी डोकं वर काढलं की तराजूसारखे पाय खाली जातात, आणि मग सगळी ताकद तरंगण्यातच संपते. एक कान पाण्यात ठेवून नुसतं तोंड बाजूला वळवायला शिकायला मला तीन आठवडे लागले. मॅडमनी एकदाही घाई केली नाही. सहाव्या आठवड्यात पहिले २५ मीटर न थांबता झाले. ७५० मीटरसाठी असे तीस फेरे. पाय हलकेच मारायचे, कारण पुढं सायकल असते. शेवटच्या दोन फेऱ्यांत मात्र पाय जोरात मारायचे आणि बाहेर पडताच काठानं पन्नास पावलं चालायचं. इतका वेळ आडवं राहून एकदम उभं राहिलं की गरगरतं, त्याची ही सवय.

ऑक्टोबरमध्ये मॅडमनी राजाराम तलावात नेलं. सोबत ट्यूब, लाइफ जॅकेट आणि पोहण्यात तयार असलेले दोघं. वर्गातल्यासारखी तळाची काळी रेघ नाही, कोपरापुढचा स्वतःचा हात दिसत नाही. दर सहा-सात हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढून समोरचं झाड बघायचं, तरी मी डावीकडे भरकटले आणि मध्येच छाती आवळल्यासारखी झाली. मॅडम ट्यूब घेऊन शेजारी आल्या, पण मला हात लावला नाही. "उताणं व्हा, आभाळ बघा, ‘म्’ म्हणा." झाले उताणी. वर एक घार फिरत होती. मिनिटभरानं मी स्वतःच पालथी झाले आणि झाडाकडे निघाले. हा एक मिनिट मला सगळ्या फीपेक्षा मोलाचा वाटतो. नियमही त्यांनी तिथंच सांगितले. शर्यतीत कुठल्याही पद्धतीनं पोहलेलं चालतं, आणि तरंगता बोया किंवा थांबलेली होडी धरून दमही खाता येतो, फक्त त्यांच्या आधारानं पुढं सरकायचं नाही. हे आधी माहीत असतं तर कितीतरी रात्री शांत झोपले असते.

तक्रारी आहेत. राजाराम तलावातला सराव फक्त दोनदा झाला. निदान पाचदा तरी हवा होता, आणि त्यासाठी मी जास्तीचे पैसेही आनंदानं दिले असते. वीस बायकांना कपडे बदलायला तीन खोल्या आहेत. नोकरीवर जाणाऱ्यांची साडेसातला फार धांदल उडते. मे महिन्यात मुलांची गर्दी असते, तेव्हा जूननंतर नाव घाला. पावसात पाणी गार लागतं, पण लेन मोकळी मिळते. विजा चमकायला लागल्या की मॅडम सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढतात, तिथं कुणाचं ऐकत नाहीत.

खर्च करायचा तर चांगल्या गॉगलवर करा. सकाळचं ऊन समोरून येतं, म्हणून काच गडद घ्या. वेटसूट, म्हणजे ऊब देणारा रबरी पोशाख, घेऊ नका. एवढ्या अंतरात हौशी स्पर्धकांना तो पाणी २२ अंशांपर्यंत असेल तरच घालू देतात, आणि आपल्याकडचं पाणी सहसा त्याहून उबदार असतं.

शर्यतीत मला ७५० मीटरला २७ मिनिटं लागली. सगळ्यांच्या मागून, कडेकडेनं निघाले, दोनदा बोया धरला आणि पायांवर बाहेर आले.

वर्ग कुठलाही लावा, पैसे भरायच्या आधी एक सकाळ तिथल्या बाकावर बसून बघा. शिकवणारी व्यक्ती पाण्यात उतरते की काठावरून शिट्टी वाजवते, आणि घाबरलेल्या बाईशी ती कुठल्या आवाजात बोलते, ते तासाभरात कळतं.