सातवीवाल्यांचा सायन्सचा डबा: 98 डिग्रीला उकळलेलं पाणी नि आबांचं ऊर्ध्वपातन

साडेतीन स्टार. चार देणार होते, अर्धा मोरचुदाच्या पुडीने खाल्ला, ते पुढे सांगते.

आमच्या चिरंजीवांना सातवीत पदार्थ आणि त्यात होणारे बदल चालू आहेत. भौतिक बदल, रासायनिक बदल, सगळ्या व्याख्या तोंडपाठ, पण खिळ्यावर तांबं चढतं म्हणजे नेमकं काय होतं विचारलं की गप्प. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत इंदूरच्या खजुरी बाजारातून हा डबा आणला. एमआरपी 1,299, घासाघीस करून 1,100 ला पडला. नाव लिहीत नाही, असलाच माल दोन-तीन नावांनी दुकानात मांडलेला होता. आत थर्मामीटर, बीकर, परीक्षानळ्या, फनेल, स्पिरिटचा दिवा, मॅग्नेशियमची पट्टी, मोरचूद (कॉपर सल्फेट), नवसागर (अमोनियम क्लोराइड), सोडा, व्हिनेगर, फुगे आणि हिंदी-इंग्रजी पुस्तिका, 26 प्रयोगांची.

पहिलाच प्रयोग पाणी उकळायचा. पुस्तिकेत ठसठशीत छापलंय, पाणी 100 डिग्रीला उकळतं. आमचं पाणी खदखदा उकळतंय, वाफेने चष्मा धुरकट झालाय, आणि पारा म्हणजे ते लाल अल्कोहोल 98 च्या वर जायचं नावच घेत नाही. दहा मिनिटं आच वाढवून बघितली, पाणी आटलं पण आकडा तोच. मी म्हटलं झालं, थर्मामीटर फॉल्टी, 1,100 रुपये पाण्यात, अगदी शब्दशः. दुसऱ्या दिवशी तणतणत दुकानात गेले तर तो म्हणतो, "मैडम, पानी नर्मदा का था कि बोरिंग का?" आता क्षार जास्त असले तर पाणी उलट थोडं जास्तच तापल्यावर उकळतं, कमी तापमानाला नाही, पण ते त्याला काउंटरवर समजावत बसायची माझी हिंमत नव्हती. वर "खुला माल वापस नहीं होता" हे ऐकून घरी परत.

घरी आल्यावर पोरगा म्हणाला आई आपण बर्फात घालून बघू या. बर्फ फोडून ग्लासात भरला, थर्मामीटर खुपसला, काटेकोर 0. बर्फ वितळत होता तेवढा वेळ 0 वरच, खालून पाणी जमतंय, आम्ही ढवळतोय, तरी शून्य, आणि शेवटची खडी गेल्यावर मग हळूहळू वर सरकायला लागला. (हा प्रयोग पुस्तिकेत नाहीच, आणि असायला हवा होता, कारण उष्णता आत जातेय तरी तापमान वाढत नाही हे याच्याहून सोपं कुठे दिसणार, ती सगळी उष्णता बर्फाचं पाणी करण्यातच खर्च होते.) म्हणजे थर्मामीटर ठणठणीत. आणि मग माझी ट्यूब पेटली. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे, इथे हवेचा दाब कमी, आणि दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनांक अंदाजे एक डिग्रीने उतरतो. 98 च यायला पाहिजे होतं! होळकर सायन्स कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलेली मी, नि थर्मामीटर परत करायला निघाले होते. माझी नणंद बडोद्याला असते, तिथे उंची नावालाच, तिच्याकडे पोराच्या लॅबचा थर्मामीटर होता, व्हिडिओ कॉलवर तिने पाणी उकळून दाखवलं, तर शंभराला टेकला. आमचा चिरंजीव तेवढ्यावरून अर्धा तास नाचत होता. पुस्तिकेत एक ओळ घातली असती की 100 हे समुद्रसपाटीला, तर माझी रिक्षा वाचली असती.

आता नवसागर. परीक्षानळीत चिमूटभर घालून तापवला की पांढरा धूर येतो नि नळीच्या वरच्या गार भागात पांढरी भुकटी जमते, मधे पाणीबिणी काही होत नाही. पुस्तिकेत हिंदीत याला ऊर्ध्वपातन लिहिलंय. आमचे सासरे, आम्ही आबा म्हणतो, पुण्याला मराठी शाळेत शिकलेले, ते चष्मा सावरत म्हणाले, "अरे हे ऊर्ध्वपातन नाही रे, ऊर्ध्वपातन म्हणजे वाफ करून गार करून परत द्रव मिळवायचा, अत्तर काढतात तसं. हे संप्लवन, द्रव न होता थेट वाफ." नातू म्हणे, "आबा, ते आसवन, आमच्या बुकात ऊर्ध्वपातन हेच आहे." दोघंही बरोबर हो! मराठीत ऊर्ध्वपातन म्हणजे डिस्टिलेशन, हिंदीत तोच शब्द सब्लिमेशनला. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हे असंच, शाळेतला शब्द एक आणि घरातला दुसरा. जेवायची वेळ झाली तरी वाद मिटेना, शेवटी सासूबाईंनी "आधी पोळ्या गार होतायत त्याचं बघा" म्हणून दोघांना उठवलं.

पण खरी गंमत पुढेच. पुस्तिकेने नवसागराला भौतिक बदलाच्या यादीत टाकलंय, कापराशेजारी. कापराचं ठीक आहे, तो आहे तसाच वायू होतो. नवसागर मात्र तापला की फुटतो, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात, आणि वर गार जागी भेटले की परत एकत्र येऊन नवसागर. म्हणजे मधल्या वेळात तो नवसागर राहिलेलाच नसतो. म्हणून भौतिक म्हणजे परत फिरवता येतं आणि रासायनिक म्हणजे नाही, ही जी ओळ पुस्तिकेत तीनदा छापलीय ती चुकीचीच वाटते मला. कागद टराटरा फाडला तर तो काय परत जोडता येतो? तरी तो भौतिकच. (जुने कल्हईवाले भांडं तापवून नवसागर टाकायचे तेव्हाचा तो पांढरा धूर आणि नाकात जाणारी झणझण सासूबाईंना लगेच आठवली.)

फुग्याचा प्रयोगही असाच. बाटलीत व्हिनेगर, तोंडावर सोडा भरलेला फुगा, फुगा उचलला की सोडा खाली पडतो नि कार्बन डायऑक्साइडने फुगा टम्म. वजन आधी आणि नंतर सारखंच भरेल, वस्तुमान अक्षय राहतं, असं लिहिलंय. आमच्या किचनच्या काट्यावर 1 ग्रॅम कमी भरलं. पोरगा म्हणे गळतंय, साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही. फुगा फुगला की तो बाहेरची हवा बाजूला ढकलतो, आणि लिटरभर हवेचं वजन ग्रॅमच्या थोडं वर असतं, तेवढं काट्याला कमी दिसतं, बादलीतलं भांडं पाण्यात हलकं वाटतं ना तसंच. मग तेच कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत केलं, सोडा फक्त 4 ग्रॅम, टिशूत गुंडाळून टाकला नि झाकण पटकन घट्ट. वजन तंतोतंत. झाकण उघडलं, फुस्स, आणि काटा उतरला. काचेच्या बाटलीत हे चुकूनही करू नका, आणि सोडाही वाढवू नका.

मोरचुदाच्या पाण्यात बुडवलेल्या खिळ्यावर तांबं झकास चढतं, अर्ध्या तासात तपकिरी थर, निळं पाणी फिकं हिरवट. मॅग्नेशियमची पट्टी काळवंडलेली निघाली, पेटेचना. सँडपेपरने घासल्यावर भक्कन पांढरी ज्योत, तिच्याकडे थेट बघू देऊ नका, डोळ्यांना वाईट. हे घासायचं पुस्तिकेत कुठेही नाही.

आणि मोरचूद. पुडी डब्यातच फुटलेली, फुग्यांना सगळी निळी पूड लागलेली, जे फुगे मुलं तोंडाने फुगवणार! विषारी आहे ते, आणि इशारा काय, तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरात अर्धी ओळ. मी फुगे फेकले, नवे आणले, डबा दोनदा धुतला. गॉगल एकच दिलाय, तोही आबांना मोठा.

घ्यायचा तर घ्या, पण मुलाच्या हातात देऊन तुम्ही पोहे करायला जाणार असाल तर नका घेऊ. दुकानातच डबा उघडून पुड्या बघून घ्या. आणि दिव्यात घालायचं स्पिरिट आत नसतं, ते वेगळं आणावं लागतं, आम्हाला रविवारी संध्याकाळी कळलं नि तीन मेडिकल पालथे घातले.