मानवी त्वचेचं टेस्ट किट: काम चोख, नखरे फार

सशाच्या पाठीऐवजी मानवी पेशींपासून वाढवलेल्या त्वचेवर दाहकता तपासायचं हे किट. तुकडे २४. दर नमुन्याला ३ लागतात. दोन कंट्रोलला (तुलनेसाठीच्या ठरलेल्या नमुन्यांना) ६ गेले की एका खेपेत ६च नमुने बसतात, म्हणजे महागच. ३० मायक्रोलिटर द्रव, ६० मिनिटं, धुणं, ४२ तास इन्क्युबेटर, मग ३ तास एमटीटी (पिवळा रंग, जिवंत पेशी तो जांभळा करतात). जिवंत पेशी ५० टक्के किंवा कमी, तर पदार्थ दाहक.

घोळ होतो धुताना. बफरची (धुण्याच्या द्रावणाची) धार थेट तुकड्यावर मारली की कड सुटते आणि तिन्ही आकडे तीन दिशांना. एमटीटीला स्वतःच जांभळं करणारा नमुना असेल तर मेलेल्या तुकड्यांवरचा वेगळा कंट्रोल हवाच.

आणि मे महिन्यात बडोद्याला पार्सल शनिवारी पोचेल असं मागवू नका. मकरपुऱ्यातल्या गोदामात रविवार काढला की तुकडे गेलेच म्हणून समजा.