थर्टीन्थ एज: क्लास बदलला की खेळणंच बदलतं

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून आपापलं पात्र खेळवायचा फाशांचा गेम) खेळून झालंय आणि फायटर काय, रेंजर काय, टर्न आला की फासा टाका आणि हिट का मिस बघा, ह्याचा कंटाळा आलाय, त्यांनी थर्टीन्थ एज हा तसलाच गेम एकदा तरी खेळावाच. 2013 चं पुस्तक आहे, जोनाथन ट्वीट आणि रॉब हाइन्सू ह्या जोडीचं, एकाने डी अँड डीच्या तिसऱ्या एडिशनचं डिझाइन लीड केलं, दुसऱ्याने चौथीचं. क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, नऊच, पण प्रत्येकाचं डोकं वेगळं चालतं.

बार्बेरियन रेजमधे (संतापाच्या भरात) गेला की दोन डी ट्वेंटी (वीस बाजूंचे फासे) एकदम टाकतो, मोठा आकडा धरायचा, आणि दोन्हींवर 11 किंवा जास्त येऊन एक जरी लागला तर थेट क्रिट, म्हणजे जबर फटका! नियम वाचायचा आळस असलेल्या मित्राला हाच द्या. फायटरचं उलटं, आधी फासा टाकायचा आणि मग आकडा सम का विषम ते बघून डाव निवडायचा, मस्त आहे पण नवीन माणूस दर वेळी यादी वाचत बसतो आणि बाकीचे ताटकळतात. रोग, म्हणजे लपूनछपून वार करणारा भामटा, त्याला मोमेंटम (खास डाव वापरायची लय) असतो, आपण मारलं की मिळतो, आपल्याला फटका बसला की जातो, त्यामुळे रोगवाला दुसऱ्याच्या टर्नलासुद्धा मोबाइल बघत नाही.

माझा सगळ्यात आवडता सॉर्सरर. एक अख्खी ॲक्शन नुसती शक्ती गोळा करण्यात घालवायची आणि पुढच्या स्पेलचं (जादूच्या मंत्राचं) डॅमेज डबल. ऐकायला तोटा वाटतो ना, पण ह्या गेममधे एस्केलेशन डाय नावाचा फासा आहे, दुसऱ्या राउंडपासून 1, 2 करत 6 पर्यंत चढतो आणि आपल्या सगळ्यांच्या अटॅकमधे मिळवायचा असतो, म्हणजे थांबलात की पुढचा स्पेल लागायचा चान्सही वाढलेला असतो. बार्बेरियन धावत सुटतो आणि हा शांत उभा, एकाच लढाईत दोन वेगळे गेम चालू.

विझार्डला एक टॅलेंट आहे, स्पेलचं नाव लांबलचक करून म्हणायचं आणि जीएम (गेम चालवणारा) त्याला काहीतरी जास्तीचा इफेक्ट देतो. मराठीत खेळताना तर धमालच, आमच्याकडे 'प्रलयाग्निज्वालावर्षाव' वगैरे चालतं.

रेंजर मात्र मला फिका वाटला. डबल अटॅक घेतला की सम आकडा आला तर दुसरा वार, संपलं. कुठला क्लास सोपा, कुठला अवघड हे पुस्तकच सांगतं, रेंजर सोप्यात येतो हे मान्य, पण सोपा तर बार्बेरियनही आहे आणि त्याच्या प्रत्येक रोलला टेबल उठून उभं राहतं.