लिनक्स मिंट : सहा महिने आणि मंगलचे ५४६ रुपये

काल झेरॉक्सवाल्याला ५४६ रुपये मोजले आणि आज हे लिहायला बसलेय. सूर तापलेला वाटला तर सांभाळून घ्या.

लॅपटॉप सेकंडहँड, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर लागतो. नवा घ्यायचा विषय काढला तर बाबांनी एवढंच विचारलं, "हा बंद पडलाय का?" पडला नव्हता. मग दिवाळीच्या सुट्टीत विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२.२ ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. एक पेनड्राइव्ह, अर्धा तास, खर्च शून्य.

वायफाय, ब्लूटूथ, टचपॅड सगळं पहिल्या फटक्यात चाललं. पायथन, व्हीएस कोड, ब्राउझर, ऑनलाइन लेक्चर, कशाचीच तक्रार नाही. व्हायव्हाच्या दहा मिनिटं आधी 'अपडेट होत आहे, बंद करू नका' हा प्रकार संपला, याचे वेगळे दहापैकी दहा. पहिल्या वर्षाच्या ज्युनियरला एकदा सी++ शिकवायला बसले आणि त्याच्या जर्नलमधलं, जुन्या टर्बो सी++ मधलं clrscr() इथे चालेना, पण तो दोष मिंटचा नाही. आपली जर्नलंच गेल्या शतकातली आहेत.

आता मुद्द्यावर येते. ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बाइंड केलेला अहवाल.

आमचा बीसीएचा प्रोजेक्ट म्हणजे गावच्या दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर. त्यामुळे पावत्या, प्रश्नावली, स्क्रीनचे फोटो, निम्मा मजकूर मराठीत. पार्टनर विंडोजवर, मराठी मंगल फॉन्टमध्ये टाइप करणारी. मी तिची वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये (वर्डच्या जागी वापरायचं फुकटचं सॉफ्टवेअर) उघडायचे, मजकूर भरायचे, परत पाठवायचे. माझ्याकडे ८४ पानं, अनुक्रमणिका चोख. पेनड्राइव्ह घेऊन दुकानात गेले, त्याने वर्डमध्ये उघडून तीन प्रती काढल्या. पैसे देताना गठ्ठा जाड वाटला. ९१ पानं! अनुक्रमणिकेत पाचवं प्रकरण पान ४७ वर, आणि ४७ वर बघते तर म्हशीच्या दुधाच्या दरपत्रकाचा मधलाच तुकडा. बाइंडिंगला टाकायच्या आधी दिसलं एवढंच नशीब.

झालं असं, की मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट, मिंटमध्ये येत नाही. लिब्रेऑफिस गुपचूप दुसरा देवनागरी फॉन्ट लावतं. मंगलच्या ओळी उंच, त्या फॉन्टच्या बुटक्या. पानाला दोन-तीन ओळी इकडच्या तिकडे झाल्या की शेवटी सात पानं वाढतात. इंग्रजी मजकूर मात्र तसूभर हलला नव्हता, कारण टाइम्स न्यू रोमनच्या जागी जो लिबरेशन सेरिफ लागतो, त्याची अक्षरं मुद्दाम त्याच रुंदीची केलीयत. रेड हॅटने ते २००७ मध्येच करून ठेवलंय. म्हणून तर सगळे यूट्यूबवाले छातीठोकपणे सांगतात, "वर्डच्या फाइली मस्त उघडतात." उघडतात हो. इंग्रजीतल्या.

इथपर्यंत रात्री लिहिलं होतं, दोन स्टार देऊन. सकाळी फाइल पुन्हा उघडली तर फॉन्टच्या चौकटीत 'मंगल' हे नाव तिरक्या अक्षरात दिसलं. फॉन्ट मशीनमध्ये नसला की लिब्रेऑफिस नाव तिरकं दाखवतं. म्हणजे 'गुपचूप' हा शब्द मी मागे घ्यायला हवा. सहा महिने ते तिरकं नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं, मला वाटायचं डिझाइन आहे. आणि पीडीएफ करून नेली असती तर फॉन्ट फाइलसोबतच गेला असता, हे बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला मला दुकानदाराने सांगावं लागलं. पण मॅडमना दुरुस्त्या वर्डमध्येच करायच्या असतात, त्यामुळे हाताला सवय तीच.

उपाय फुकटातला निघाला. नोटो सान्स देवनागरी हा फुकटचा फॉन्ट दोघींनीही टाकला, सगळी फाइल त्यात फिरवली, आता दोन्हीकडे ८४. पीडीएफवरून पुन्हा तीन प्रती, ५०४ रुपये. म्हणजे एकूण १,०५०.

एका गोष्टीचं मात्र कौतुक. मावशी पंचायत समितीत टायपिस्ट आहे, इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीवाली. संक्रांतीला आली तेव्हा सहज माझ्या लॅपटॉपवर बसली. कीबोर्डच्या यादीतून इंडियन निवडलं, बस्स, काही डाउनलोड नाही. तिने न बघता शिफ्ट-जे, डी आणि य दाबून 'दुसऱ्या'तला ऱ्य असा काढला, की तोवर 'दुसर्‍या', 'दुसर्या' असं काहीबाही लिहून सोडून देणारी मी गप्प झाले. प्रश्नावली तिनेच टाइप करून दिली.

तर चार स्टार. अर्धा कापला असता, पण अर्ध्याची सोय नाही.

ताजा कलम : मॅडमचा आत्ताच मेसेज आला. पावतीवर 'फॅट'च्या जागी 'स्निग्धांश' हवंय. पान ६१. तीन प्रती, एकच पान, सहा रुपयांत भागेल.