इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या नावाखाली माझ्या गाडीत नुसती डबी बसवली

माझ्या जुन्या चार सिलिंडरच्या गाडीचे सीबी पॉइंट, म्हणजे प्लगला ठिणगी मिळावी म्हणून कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे यांत्रिक संपर्क, काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंय, असं मी सात महिने समजत होतो. पैसे पूर्ण दिले होते. पॉइंट मात्र जागच्या जागीच होते.

काम झालं तेव्हा शंका घ्यायला जागाच नव्हती. बॉनेटखाली, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलशेजारी काळी डबी, चावी फिरवली की तिच्यावर लाल दिवा. गाडी पहिल्या फिरकीत सुरू व्हायची, मिसिंग थांबलं होतं, पिकअप सुधारला होता. आता कळतं की हे सगळं मेकॅनिकने बसवलेल्या नव्या पॉइंटमुळे आणि नव्या प्लगमुळे झालं होतं. गॅप नीट लावलेले नवे पॉइंट असले की जुनी गाडी अशीच छान चालते, आणि नेमका त्याच गोष्टीचा फायदा माझ्याविरुद्ध घेतला गेला.

सात महिन्यांनी सकाळी गाडी उठेना. चढावर दम जायला लागला. हे तर पॉइंट झिजल्याचं लक्षण! पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते, गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीचं टायमिंग मागे पडतं. इलेक्ट्रॉनिक असेल तर घासायला काही नसतंच. म्हणून मी पहिल्यांदाच डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाची, कॅप उघडली. आतला फिरणारा रोटर उचलला, तर खाली पॉइंट, तेही जळून खड्डे पडलेले, आणि शेजारी पॉइंटसोबत लागणारा कंडेन्सर.

मेकॅनिकला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, या टाइपमध्ये पॉइंट ठेवावेच लागतात. ते फक्त सिग्नल देतात." मी गप्प बसलो, कारण अशी सिस्टिम खरोखर असते. तिच्यात कॉइलचा करंट ट्रान्झिस्टर तोडतो आणि पॉइंटमधून अगदी थोडा करंट जातो. अर्धं खरं सांगितलं की माणूस फसतो, तसा मी त्या दिवशी परत फसलो.

घरी येऊन विचार केला. पॉइंटमधून थोडाच करंट जात असेल तर ते जळले कसे? साध्या पद्धतीत कॉइलचा सगळा करंट पॉइंटमधून जातो. तीन ओहमच्या कॉइलला बारा व्होल्टवर तो चार अँपिअरपर्यंत असतो. तीन हजार आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. त्यानेच खड्डे पडतात. मग वायर हाताने धरून शेवटपर्यंत तपासली. कॉइलच्या मायनसची वायर थेट डिस्ट्रिब्युटरमध्ये जात होती. डबीच्या दोनच वायर होत्या, एक इग्निशनच्या प्लसला, दुसरी बॉडीला. चावी बंद करून त्या दोन्ही सोडवल्या आणि स्टार्टर मारला. गाडी सुरू झाली. डबी करवतीने कापली, तर आत घट्ट रेझिन, एक एलईडी आणि एक रेझिस्टर. बाकी काही नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. बिलावर फक्त "इग्निशन काम" लिहिलेलं होतं, किटचं नाव नाही, नंबर नाही, आणि मी ते न वाचता घेतलं होतं. याचीच जास्त चुटपुट लागते.

तुम्ही हे काम करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी कॅप तुमच्यासमोर उघडायला लावा. पॉइंट काढून बसवायच्या किटमध्ये पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही गेलेले असतात. कॅमवर सहसा चुंबकाची रिंग असते, तिच्याजवळ सेन्सर असतो, आणि त्याच्या वायर कॉइलकडे जातात. काढलेले पॉइंट हातात मागून घ्या. आणि गाडी फार जुनी असेल तर तिच्या बॅटरीचा प्लस बॉडीला आहे की मायनस, हे किट घेण्याआधीच बघा, कारण उलट जोडलं तर खरं मॉड्यूलही क्षणात जळतं.

माझ्या गाडीत आता खरं किट आहे. ते बसवताना मी पूर्ण वेळ शेजारी उभा होतो. जळालेले ते पॉइंट मी अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेत. कुणी विचारलं की काढून दाखवतो.