बंदुकीच्या दस्त्याला पीयू पॉलिश: सोलापूरच्या उन्हातले तीन महिने

सतरा वर्षं फौजेत काढली, आता एका बँकेच्या दारात उभा असतो. बंदूक माझीच, परवान्याची, बारा बोअर डबल बॅरल. आमच्या शाखेचं दार पश्चिमेला आहे. एप्रिल-मेमध्ये तीन वाजले की ऊन थेट अंगावर येतं आणि काळपट लाकडाला हात लाववत नाही. गेल्या वर्षी दस्ता बगलेत धरून तासभर उभा राहिलो, खाली घेतला तर पॉलिशवर गणवेशाच्या शर्टाची वीण उमटलेली. धागा न् धागा मोजून घ्या. सोलापूर चादरीचं गाव आहे हे मान्य, पण बंदुकीवर विणकाम कोणी सांगितलं होतं?

ते पॉलिश होतं चपड्याचं, म्हणजे लाखेचं. एका फर्निचरच्या कारागिराला घरी बोलावून, माझ्या समोर बसवून करून घेतलं होतं. दिसायला आरसा. पण ही लाख ऐंशी अंश सेल्सिअसच्या आतच मऊ पडते आणि चिकट तर त्याच्याही आधी होते. शिवाय ती स्पिरिटमध्ये विरघळते. आमच्या दारातल्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली असते, त्यात स्पिरिटच. हात ओला करून दस्ता धरला की बोटांच्या जागी पांढरे डाग. दोन वर्षांत मुठीजवळचं सगळं पॉलिश खाऊन टाकलं.

फौजेत आम्ही एसएलआर रायफलीच्या लाकडाला अलसीचं, म्हणजे जवसाचं तेल चोळायचो. उस्ताद म्हणायचे, लाकडाला पाजा, अंघोळ घालू नका. फायरिंगनंतर बॅरलखालचं लाकडी हॅन्डगार्ड गरम झालं की त्या तेलाचा वास यायचा, अजून नाकात आहे. तो वास मला आवडतो, आणि शोभेची बंदूक असती तर आजही तेलच लावलं असतं. पण कच्चं तेल वाळायला दिवसच्या दिवस घेतं, तोवर रस्त्याची सगळी धूळ त्यावर बसते. एक सांगून ठेवतो: जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

म्हणून या वेळी दोन डब्यांचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश आणलं, एकात पॉलिश, दुसऱ्यात हार्डनर. मॅट घ्या. ग्लॉसी दस्ता घामाच्या हातात मासळीसारखा निसटतो आणि उन्हात डोळ्यांवर चमकतो तो वेगळाच. दोन्ही मिळून हजाराच्या आत पडलं.

खरी मेहनत लावण्यात नाही, काढण्यात आहे. आठवडाभर रजा टाकली, काडतुसं कपाटात कुलपात ठेवली, बॅरल वेगळी केली, दार लावलं. जुना चपडा स्पिरिटच्या फडक्यानं सहज निघाला. त्रास दिला तो तेलानं. बंदुकीचं तेल वर्षानुवर्षं लोखंडाकडून लाकडात मुरतं, आणि लोखंडाला टेकणारं लाकूड काळं, चिकट होतं. तेलावर पीयू धरत नाही, सालपटं निघतात. खडूची पूड थिनरमध्ये कालवून त्या जागी लेप दिला आणि गच्चीवर थोडा वेळ उन्हात ठेवला. पूड पिवळी पडत गेली. चार वेळा केलं तेव्हा लाकूड स्वच्छ झालं. सोलापूरच्या उन्हाचा मला झालेला हा पहिला उपयोग.

दस्त्यावर एक खोल पोचा होता. ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली, वाफेनं लाकूड फुगून वर आलं. बायको म्हणाली, "शर्टाला कधी इस्त्री केली नाही ती बंदुकीला करताय." मग १२०, १८०, २४०, ३२० नंबरचा पॉलिश पेपर. लाकूड लोखंडाला भिडतं त्या कडेला मात्र पेपर लावू नका. तिथं लाकूड जरा जरी खाली गेलं की लोखंड वर राहतं, आणि ते जन्मभर दिसतं. मुठीवरची कोरलेली जाळी फक्त टूथब्रशनं साफ केली. तिच्यात पीयू भरलं तर ती घासून काढायला डोळे जातात.

पहिला हात मी भर दुपारी दिला. चूक. उन्हात वरचा थर लगेच वाळतो आणि आतलं थिनर बुडबुडे होऊन बाहेर येतं. त्यात फडकं घेतलं टॉवेलचं, आपल्याच गावच्या टेरी टॉवेलचं, त्याची लव चिकटली. सगळं घासून काढलं. पुढचे तीन हात सकाळी सहाला, जुन्या धोतराच्या फडक्यानं, पातळ पातळ, मध्ये ३२० चा हलका पेपर. दस्त्याच्या आतली, लोखंडात बसणारी बाजूही बंद केली, पाणी तिथूनच शिरतं. वास डोक्यात जातो, मास्क हवाच आणि खिडक्या उघड्या.

आता निकाल. त्याच दिवशी सागाच्या दोन तुकड्यांवर एकावर पीयू, दुसऱ्यावर चपडा लावला होता. सात दिवसांनी दोन्हींवर चहाचा गरम स्टीलचा ग्लास ठेवला. चपड्यावर पांढरं कडं उठलं, पीयूवर काही नाही. पीयूवर सॅनिटायझर ओतलं, तरी काही नाही. तीन महिने पश्चिमेच्या दारात उभा आहे, शर्टाची वीण उमटलेली नाही. वार्षिक सरावात दहा काडतुसं उडवली, बॅरल चटका देत होती, खालचं पुढचं लाकूड जसंच्या तसं. डब्यावर उष्णतारोधक लिहिलंय म्हणून हात गार राहील असं मात्र समजू नका. पॉलिश टिकतं, दस्ता तापायचा तेवढा तापतोच.

नावडलं ते असं. जवळून पाहिलं तर लाकूड काचेमागं ठेवल्यासारखं वाटतं, हाताला लाकडाचा स्पर्श राहत नाही. तेलाचा ओरखडा नव्या तेलानं बुजतो, पीयूचा ओरखडा म्हणजे पुन्हा पेपर, पुन्हा हात. लोखंडी टेबलाला धडकून मला एक पडलाच आहे. पाचपैकी साडेतीन.

दुसरी तक्रार डब्याची. दस्त्याला वाटीभर लागतं, मिळतं लिटरभर. उरलेल्यातून देवघराचं दार चकचकीत झालं, पण हार्डनर एकदा उघडला की हवेतली ओल खाऊन बाटलीतच घट्ट होतो, तो गेला. दुकानदाराला म्हटलं, लहान पॅक ठेवा की. तो म्हणाला, "मामा, बंदुकीला पीयू मारणारे सोलापुरात तुम्ही एकटेच की ओ."